ग्रामसभेची रोकडवही

कोरची, कुरखेडा, धानोरा. गडचिरोली जिल्ह्यातल्या या तालुक्यांत ग्रामसभांना हिशेब लिहायला शिकवणं हे माझं सध्याचं काम. शिक्षण कॉमर्सचं, त्यानंतर नागपुरात एका सीएच्या ऑफिसात नोकरी. तिथून इकडे कशी आले ते पुन्हा कधीतरी लिहीन. आज लिहायचंय ते शहरातले मित्र-मैत्रिणी मला हमखास विचारतात त्या प्रश्नाबद्दल: दुर्गम भागातल्या आदिवासींसाठी इतक्या योजना येतात, इतक्या संस्था राबतात, त्यातलं टिकतं काय?

ज्या गावात पैसा आणि निर्णय गावाच्या हातात आला, आणि त्या पैशाचा हिशेब गाव स्वतः लिहून सगळ्यांसमोर वाचून दाखवतं, तिथे टिकतं. बाकी ठिकाणी काम चांगलं झालेलं असलं तरी करणारा माणूस बदलून गेला की दोन पावसाळ्यांत त्याचा मागमूस राहत नाही. हे मी अनेक गावं पाहून बोलते आहे.

हिशेब म्हटलं की लोकांना कंटाळवाणं काहीतरी वाटतं. त्यांनी एकदा मे महिन्यात तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, फळीवर यावं.

तेंदूचा हंगाम मोजक्या दिवसांचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची खुटकटाई, म्हणजे छाटणी, करून ठेवलेली असते. एप्रिलच्या अखेरीला नवी पानं तोडण्याजोगी होतात आणि मग गावात दिवसाची घडीच बदलते. उजाडायच्या आत घरं रिकामी. ऊन चढायच्या आत बाया डोक्यावर गाठोडी घेऊन परत. मग पडवीत अख्खं घर पुडे बांधायला बसतं, शाळेला सुट्टी लागलेली पोरंसुद्धा. सत्तर पानांचा एक पुडा. पान फाटकं नको, फार जून नको, फार कोवळंही नको. संध्याकाळी हे पुडे फळीवर जातात. फळी म्हणजे गावाजवळची मोकळी, सपाट, उन्हाची जागा. तिथे पुडे ओळीने मांडायचे, मोजायचे, पुढचे काही दिवस उलटेपालटे करून वाळवायचे आणि मग बोदात, म्हणजे मोठ्या पोत्यांत, भरायचे.

सगळा खेळ या मोजणीत आहे. शंभर पुड्यांचा एक शेकडा, आणि तोडणाऱ्याची मजुरी शेकड्यावर ठरते. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं, आणि गावाला मिळणारी रक्कम गोणीवर ठरते. आता समजा, शेकड्यामागे चार पुडे जास्त मांडायला लावले. 'खराब निघतात, म्हणून' असं कारण सांगायचं. चार पुडे म्हणजे कुणाला जड नाही. पण एका गोणीमागे ते चाळीस होतात. गावाचा माल दोनशे गोण्यांचा असेल तर आठ हजार पुडे, म्हणजे पूर्ण आठ गोण्या, ज्यांची ना मजुरी मिळाली ना रक्कम. ही बेरीज मी प्रत्येक गावात पहिल्याच बैठकीत फळ्यावर करून दाखवते. आठ हा आकडा आला की मागे बसलेल्या बाया पुढे सरकतात.

म्हणून फळीवर गावाची स्वतःची वही पाहिजे. माल घेणाऱ्या ठेकेदाराच्या मुन्शीची वही वेगळी, गावाची वेगळी. आमच्या वहीत रकाने साधे आहेत: कार्ड नंबर, तोडणाऱ्याचं नाव, मांडलेले पुडे, बाद पुडे, मंजूर पुडे. बाद का केले ते शेवटच्या रकान्यात एका शब्दात. रोज संध्याकाळी दोन्ही वह्यांची बेरीज जुळवायची आणि दोन्हीवर दोघांच्या सह्या. गेल्या हंगामात एका फळीवर नुकतीच बारावी झालेली मुलगी वही सांभाळत होती. मुन्शी वयाने तिच्या बापाएवढा, वर्षानुवर्षं हेच काम करणारा. तो म्हणाला, मोजणी माझी धरायची, तुम्ही फक्त उतरवून घ्या. ती म्हणाली, "काका, तुमचीबी वही राहू द्या, आमचीबी राहू द्या. दोन्ही जुळल्या तरच गाडी भरू." आवाज चढला नाही, काही नाही. तिने बॅटरीच्या उजेडात पहिल्या ओळीपासून पुन्हा मोजायला घेतलं आणि मुन्शी तिच्या मागे मागे फिरत राहिला.

त्या पोरीला हे बोलता आलं, त्यामागे दोन कायदे आणि बऱ्याच लोकांचं आयुष्य आहे. ते सांगायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की एक वही दिली आणि गाव बदललं.

तेंदूपानांच्या व्यापारावर राज्याच्या १९६९च्या कायद्याने सरकारची मक्तेदारी होती. जंगल वनखात्याचं, लिलाव वनखात्याचा, माल ठेकेदाराचा. गाव फक्त मजूर. बांबूची गोष्ट त्याहून कडू. गावाच्या निस्तारासाठी (रोजच्या गरजांसाठी), घराकुंपणासाठी बांबू तोडला तर गुन्हा, आणि तोच बांबू कागद कारखान्याला लांब मुदतीच्या कराराने. १९९६मध्ये पेसा, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा केंद्रीय कायदा आला आणि त्या क्षेत्रात गौण वनोपजावर (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालावर) ग्रामसभेची मालकी कागदावर आली. महाराष्ट्राने पेसाचे नियम केले ते २०१४मध्ये, अठरा वर्षांनी. मधल्या काळात वनहक्क कायदा आला. २००६चा कायदा, नियम लागू झाले १ जानेवारी २००८ला. या कायद्याने बांबू आणि तेंदूपान स्पष्टपणे गौण वनोपजात धरलं, ते गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क दिला, आणि गावाने परंपरेने वापरलेलं जंगल राखायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला दिला. यालाच आपण सामूहिक वनहक्क म्हणतो.

सप्टेंबर २०१२च्या दुरुस्त नियमांनी आणखी एक मोठी गोष्ट केली. वनोपज बाहेर न्यायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना या ओळीचं वजन कळणार नाही. परवाना ज्याच्या हातात, त्याच्या हातात माल. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा हक्क मान्य झाला, तरी बांबू विकायला निघाल्यावर गाडी अडत होती ती याच कागदावर. शेवटी २७ एप्रिल २०११ला त्या वेळचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. गावचे नेते देवाजी तोफा, त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि त्या गावातल्या सगळ्यांनी त्याआधी कितीतरी वर्षं अभ्यास गट चालवला होता. कायदा वाचायचा, त्यावर बोलायचं, शंका काढायच्या, आणि निर्णय सर्वसहमतीनेच घ्यायचा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. तिच्यामागचा तो अभ्यास गट मात्र फार थोड्यांना माहीत असतो, आणि माझ्या मते मेंढ्याकडून घ्यायची खरी गोष्ट तीच आहे.

वनहक्काच्या दाव्याच्या फायली मी कधी कधी नुसत्या वाचायला घेते. वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात, फक्त लिहून घेतलेले पाहिजेत. एका फायलीत एका आजोबांचा जबाब आहे. हद्द सांगताना ते कुठेही फूट-मीटर म्हणत नाहीत. अमुक नाला जिथे वळतो ते दगड, तिथून देवाची जागा, तिथून त्यांच्या आज्याने गुरं बसवली ती पहाडी, तिथून शेजारच्या गावाची मोहाची झाडं सुरू होतात, ती त्यांची, आमची नाहीत. शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. दुसऱ्याचं काय आहे ते न विचारता सांगून टाकलंय. नंतर मोजणी झाली, जीपीएसने नकाशा निघाला, आणि त्या आजोबांची हद्द त्याच्याशी बसली. खाली अंगठा आहे, त्यावर तारीख.

असा हक्क मिळाल्यावर गावात पैसा येतो. आणि पैसा आला की गावात काय होतं, याबद्दल भाबडं राहून चालत नाही.

पहिल्या वर्षी ठेकेदार गावात येतो, दोन-चार बोलक्या पुरुषांना धरतो, जेवण देतो, करार करून घेतो. करार मराठीत, बारीक अक्षरात, आणि गावातली निम्मी माणसं गोंडी बोलणारी. काही गावांत रक्कम बुडाली. ठेकेदाराने पहिला हप्ता दिला, माल उचलला, बाजार पडला म्हणाला आणि पुढचे हप्ते आलेच नाहीत. मजुरीसाठी बाया ग्रामसभेच्या अध्यक्षाच्या दारात बसल्या. तो बिचारा तरी कुठून देणार? अशा एका गावात मी बसून करार वाचला, तर त्यात हप्त्यांच्या तारखा होत्या पण हप्ता चुकला तर काय, हे कुठेच नव्हतं. आता आम्ही एकच अट सगळ्यात वर लिहितो आणि गोंडीत तीनतीनदा वाचून दाखवतो: जेवढी रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा, तेवढ्याच मालाचा परवाना. चेक दाखवून चालणार नाही, पासबुकात नोंद दिसली पाहिजे. ही अट घातल्यापासून त्या गावात रक्कम बुडाली नाही. परवाना आपल्या हातात असण्याचा उपयोग तो हाच.

हे एकेकट्या गावाला झेपत नाही, म्हणून कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे. एका गावाने कमी दर घेतला तर शेजारच्या गावाचा दर पडतो, हे सगळ्यांना एकदा अंगावर आलेलं असतं. एकत्र बोली लावून घेतली की ठेकेदाराला गावागावांत फूट पाडणं अवघड जातं. तरी बाजार हा बाजारच आहे. विडीचा खप कमी झाला, मागच्या वर्षीचा माल गोदामात पडून राहिला, की दर कोसळतो, त्याला ग्रामसभा काय करणार. तेंदूवरच सगळं घर चालवायचं नाही, हे गावातली शहाणी माणसं स्वतःहून बोलतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. गोंडपिपरी तालुक्यातलं छोटं गाव. २०१२मध्ये सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूसाठी झुडपं छाटतात, कधी आगी लावतात, फळं खायला मिळत नाहीत, झाडाचं आणि जंगलाचं नुकसान होतं, म्हणून त्यांनी ते उत्पन्न सोडलं आणि बांबूवर भर दिला. शिवाय जंगलाचा एक तुकडा देवाच्या नावाने राखून ठेवला, तिथे कुऱ्हाड नाही. बाहेरच्या कुठल्याही तज्ज्ञाने आर्थिक सक्षमीकरणाचा आराखडा केला असता तर त्यात 'तेंदू बंद' हे कलम आलं असतं असं मला वाटत नाही. ते गावालाच सुचू शकतं, आणि गावालाच पाळता येतं.

आता वहीकडे परत येते, कारण गावाच्या आतल्या गोष्टी तिथेच उघड्या पडतात.

हंगाम संपला, रक्कम जमा झाली, की ग्रामसभेत वही वाचायची. पूर्ण. आमच्याकडे ही बैठक कधी कधी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चालते. वनहक्काच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. गणपूर्तीपुरत्या बाया बोलवायच्या, सही घ्यायची आणि चुलीकडे परत पाठवायच्या, हे सगळीकडे चालतं. पण वही गोंडीत वाचायला लागलं की बाया उठून जात नाहीत. हे मी स्वतः पाहिलंय, पुन्हा पुन्हा. एका गावात 'बैठक खर्च' अशी ओळ आली. रक्कम फार मोठी नव्हती. एक आजी मागून म्हणाली, "कोणती बैठक? मी तर नोती. कोण जेवलं?" सचिव पोरगा चाचरला. मग सांगितलं, तालुक्याला गेलो होतो, चौघं होतो, गाडी केली. आजी म्हणाली, "मंग तसं लिव ना." त्याच बैठकीत ठरलं की खर्चाच्या प्रत्येक पावतीमागे कोण गेलं, कशाला गेलं ते लिहायचं, आणि ठरावीक रकमेच्या वरच्या खर्चावर दोन बायांच्या सह्या लागतील. त्या दोघींपैकी एकीला सही येत नव्हती. तिने शिकून घेतली, आणि तिची सही आता इतकी ठसठशीत येते की पावतीवर दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट तेंदूच्या कार्डाची. पानं तोडायला जातात बाया, पुडे बांधतात बाया, आणि कार्ड असतं घरच्या पुरुषाच्या नावावर. मजुरी त्याच्या खात्यात. पूर्वीपासून असंच, कुणाच्या डोक्यात दुसरं काही आलंही नाही. फळीची वही गावाकडे आली तेव्हा एका ग्रामसभेत हा विषय निघाला. पुरुष चिडतील असं मला वाटलं होतं. एक-दोघं कुरकुरले, पण बहुतेकांनी मान डोलावली, कारण दारूच्या दिवसांत पैसा कुठे जातो हे पुरुषांनाही ठाऊक असतं. आता त्या गावात जी तोडते तिच्या नावाचं कार्ड. बँकेची शाखा लांब, पाऊस सुरू झाला की नाला आडवा येतो, केवायसी अडकते, अंगठा मशीनवर उठत नाही. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या सोडवण्यात माझे जून-जुलै जातात. पण पैसे तिच्या खात्यात आहेत.

योजनांबद्दल माझं मत विचाराल तर मी योजनांच्या विरोधात अजिबात नाही. १५ नोव्हेंबर २०२३ला केंद्राचं पीएम-जनमन अभियान सुरू झालं, विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी. महाराष्ट्रात ते तीन आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. घर, रस्ता, पाणी, वीज, फिरता दवाखाना, मोबाईल टॉवर. भामरागड भागात बाळंतिणीला खाटेवर टाकून नेण्याचे प्रसंग ज्यांनी पाहिले आहेत ते रस्त्याच्या एका किलोमीटरचीही चेष्टा करणार नाहीत. २ ऑक्टोबर २०२४ला आदिवासी गावांसाठी केंद्राचं धरती आबा अभियान आलं, त्याची व्याप्ती तर देशभरातली त्रेसष्ट हजार गावं. एवढा पैसा आदिवासी भागाकडे वळतो आहे हे चांगलंच आहे.

माझा आग्रह एवढाच, की जो कायदा आधीच आहे तो या पैशाला लावा. पेसाच्या चौथ्या कलमात दोन पोटकलमं आहेत, ती प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात भिंतीवर लावायला हवीत. एक, गावातल्या विकासाच्या योजना राबवण्याआधी ग्रामसभेची मान्यता घ्यायची आणि लाभार्थी ग्रामसभेने निवडायचे. दोन, निधी खर्च झाला याचं प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचं. प्रत्यक्षात काय होतं? यादी वरून येते. प्रमाणपत्रावरची सही घाईत, मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून घेतली जाते. एका गावाने अशी सही द्यायला नकार दिला. म्हणाले, आधी बांधलेली विहीर दाखवा, मग वहीत चढवू, मग सही. अधिकारी रागावले, पण आले, विहीर मोजली, कठडा अर्धा होता. कठडा पूर्ण झाल्यावर सही झाली. ज्या गावाला फळीवर पुडे मोजायची सवय झाली आहे, ते गाव विहिरीचा कठडाही मोजतं. मी हिशेबाच्या कामाला एवढी का चिकटून बसले आहे, ते यातून कळावं.

आरोग्याच्या कामातही हेच दिसतं. गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना काढायच्या आधी लोकांना विचारलं, तुम्हाला कसा हवा. लोकांनी मोठ्या इमारतीची भीती सांगितली, आपल्या झोपड्यांसारखा असावा म्हणाले, आणि दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, नवजात बाळाची काळजी घरात कशी घ्यायची ते शिकवलं, आणि त्या कामाचे निष्कर्ष १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. बाळाचं वजन, श्वास, ताप हे सगळं त्या बाया स्वतः नोंदवत होत्या. तिथेही वही गावातल्या बाईच्या हातात होती.

मग अडतं कुठे? मला रोज दिसतं ते सांगते.

प्रशिक्षणं दोन दिवसांची असतात. तालुक्याच्या सभागृहात, प्रोजेक्टरवर, मराठीत किंवा हिंदीत. जेवण चांगलं असतं, पिशवी आणि पेन मिळतं, फोटो होतो. दोन दिवसांत रोकडवही येत नाही. ती यायला एक पूर्ण हंगाम लागतो: खुटकटाईच्या मजुरीपासून शेवटची गाडी जाईपर्यंत. कुणीतरी त्या पोरीशेजारी रोज संध्याकाळी बसावं लागतं. पहिले आठ दिवस बेरीज चुकते, मग चुकेनाशी होते. या बसण्यासाठी कुठल्याच योजनेत पैसे नसतात. शिलाई मशीनसाठी असतात, शेळ्यांसाठी असतात, गोदामाच्या इमारतीसाठी असतात. गोदामाची किल्ली कुणाकडे आणि आत आलेल्या मालाची नोंद कोण ठेवणार, याला पैसे नाहीत. मग गोदामात कुणाचं तरी तणस भरलेलं दिसतं.

खेळतं भांडवल ही दुसरी अडचण. ग्रामसभेकडे हंगामाच्या सुरुवातीला हातात पैसे असते तर मजुरी तिने दिली असती, माल वाळवून, भरून, थांबून विकला असता. पैसे नसतात म्हणून हिरव्या पानावरच सौदा करावा लागतो, आणि भाव ठेकेदाराचा चालतो. बँक ग्रामसभेला कर्ज देत नाही, तारण काय विचारते. हजार-दोन हजार हेक्टर जंगल राखणाऱ्या गावाकडे तारण काय म्हणून विचारतात, याचा मला दर वेळी संताप येतो. वनहक्काच्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की हक्क मान्य झालेल्यांना सरकारच्या सगळ्या विभागांच्या योजना जोडून द्यायच्या. त्या जोडणीत फिरता निधी आधी यायला हवा, मग बाकीचं.

कर हा तिसरा विषय. ग्रामसभेला पॅन लागतो. तेंदूवर टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा प्राप्तिकर) आहे, जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५मध्ये तेंदूपानावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ते गावात नोटीस बोर्डावर लिहून लावावं लागलं, कारण एक खरेदीदार जुन्याच दराने आकडेमोड करून दाखवत होता. नोटिसा इंग्रजीत येतात. गावात इंग्रजी वाचणारं एखादंच पोर, ते बहुधा गडचिरोलीला शिकायला. नोटीस वेळेत वाचली गेली नाही तर दंड लागतो. हे सगळं शिकवता येतं, अवघड काही नाही. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला जेवढं येतं तेवढं पुरतं.

म्हणून ही पोस्ट वाचणाऱ्यांकडे माझं थेट मागणं आहे. पुढच्या हंगामासाठी जानेवारीपासून ग्रामसभांमधल्या मुलामुलींची नवी तुकडी हिशेब शिकायला बसवतो आहे. तीन प्रकारची माणसं हवी आहेत. करारनामा साध्या मराठीत लिहू शकणारे वकील. जीएसटी आणि टीसीएसचं विवरण भरता येणारे, आणि भरायला शिकवण्याचा धीर असलेले. आणि गोंडी येणारे, कारण वहीचे रकाने, पावतीचे नमुने आणि कराराच्या अटी गोंडीत ध्वनिमुद्रित करून मोबाईलवर गावोगाव पाठवायच्या आहेत. एका दिवसासाठी येऊ नका. किमान खुटकटाईच्या वेळी एकदा, फळी चालू असताना एकदा आणि वही वाचायच्या ग्रामसभेला एकदा, असं तीनदा यायची तयारी असेल तर कळवा. राहायची सोय गावातच होते, जेवण ज्या घरी असेल ते. मोबाईलला रेंज नसते, म्हणून मी उत्तर द्यायला दोन-तीन दिवस लावले तर थांबा.